कुंपणभिंतीवर चित्रकथा: चित्रकारांच्या गटाने भित्तिचित्र कसं करावं

कॉमिक काढणारे, पुस्तकांची चित्रं करणारे, भिंती रंगवणारे असे सात-आठ जण एकत्र आले की पहिलं सामायिक काम म्हणून बहुधा शाळेची किंवा सोसायटीची कुंपणभिंत हाती घेतली जाते. कागदावर आणि स्क्रीनवर बसलेला हात तिथे दोन गोष्टींत अडखळतो. कागद कसा वागतो हे ठाऊक असतं, भिंतीचा स्वभाव ठाऊक नसतो. आणि कागदावर नेटकी दिसणारी रेघ भिंतीवर बारा पट मोठी केली तरी रस्त्यापलीकडून दिसत नाही.

पुढची कृती एका ठरावीक भिंतीच्या मापाने दिली आहे: 40 फूट लांब, 7 फूट उंच, सिमेंटचा गिलावा, दर 8 फुटांवर 9 इंची खांब. शहरातल्या आणि तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच कुंपणभिंती साधारण अशाच असतात. क्षेत्रफळ 280 चौरस फूट. तुमची भिंत वेगळी असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला, क्रम मात्र बदलू नका.

भिंत कुणाची आणि चित्र कुणाचं

महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा 1995 पासून आहे. त्यामुळे तोंडी होकारावर ब्रश उचलू नये. शाळेची भिंत असेल तर मुख्याध्यापकांचं आणि संस्थेचं, सोसायटीची असेल तर कमिटीचं, सरकारी असेल तर त्या खात्याचं किंवा नगरपालिकेचं पत्र घ्या. पत्रासोबत अंतिम रेखाटन जोडा आणि त्याच्या प्रत्येक पानावर मालकाची सही घ्या. अर्धं काम झाल्यावर "हे डोकं जरा लहान करा" अशी सूचना येते, तेव्हा सही केलेलं पान कामाला येतं.

त्याच पत्रात चार ओळी जास्तीच्या लिहा: पाणी आणि वीज कोण देणार, चित्र किमान किती वर्षं ठेवायचं, भिंत पाडायची किंवा पुन्हा रंगवायची असेल तर गटाला किती दिवस आधी कळवायचं, आणि चित्राचे हक्क कुणाकडे. शेवटची ओळ मोबदला मिळणार असेल तर फारच महत्त्वाची. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगवलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. म्हणजे तीच पात्रं तुम्हाला पुढे पुस्तिकेत छापायची असतील तर कागदावर तसं आधीच लिहिलेलं हवं. कलम 57 प्रमाणे मिळणारे नैतिक हक्क, म्हणजे नाव लावण्याचा आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क, हक्क विकल्यावरही चित्रकाराकडे राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकलं गेलं होतं. त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो याच कलमावर.

काही भिंतींना हातच लावायचा नाही. किल्ल्याची तटबंदी, जुनी वेस, वाड्याची घडीव दगडी भिंत, देवळाचं दगडी जोतं यांच्यावर ॲक्रिलिक रंग म्हणजे कायमचं नुकसान, कारण दगडाच्या छिद्रांतून तो पुन्हा पूर्ण निघत नाही. कोकणात आणि गोव्यात उघड्या जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत असेल तर तीही सोडा. चिरा पाणी पितो, आणि पावसाळा सरला की रंग साल निघावी तसा सुटतो.

भिंत तपासणं

अजिंठ्याची चित्रं खडकावर थेट काढलेली नाहीत. आधी मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग. तिथे जिथे गिलावा खडकापासून सुटला तिथलं चित्र गेलं. आपल्या सिमेंटच्या भिंतीलाही हेच लागू आहे: रंग शेवटी ज्या थराला धरून बसतो, तो थर किती घट्ट आहे ते आधी बघायचं.

बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जा. पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल करा. तो गिलावा आतून सुटलेला आहे, पाडून पुन्हा लावावा लागेल. मग कोरडा तळवा भिंतीवर जोरात घासा. पांढरी भुकटी हाताला लागली तर वरचा थर चुन्याचा किंवा जुन्या डिस्टेंपरचा आहे. खात्रीसाठी ओल्या बोटाने चोळा, चुना असेल तर लगेच लगदा होतो. असल्या थरावर जगातला कुठलाही महागडा रंग टिकत नाही, कारण रंग चुन्याला घट्ट धरतो आणि चुनाच भिंत सोडतो.

ओलीची तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. जाड प्लास्टिकचे दीड फूट चौरस तुकडे घ्या आणि भिंतीच्या तळाशी, मध्ये आणि माथ्याजवळ चारही कडांना चिकटपट्टी लावून हवाबंद चिकटवा. 24 तासांनी काढा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा भिंतीचा तो तुकडा गडद झाला असेल तर भिंतीत ओल आहे. ती कुठून येते हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुंपणभिंतीत पाणी बहुतेक वेळा वरून शिरतं. भिंतीच्या माथ्यावरचं सिमेंट तडकलेलं असतं, त्याला दोन्हीकडे उतार नसतो, आणि पावसाचं पाणी तिथून आत मुरतं. माथा सिमेंटने दुरुस्त करून त्यावर वॉटरप्रूफ लेप देण्याचा खर्च रंगाच्या खर्चापेक्षा कमी असतो. भिंतीमागे बागेची माती ढीग लावून टेकवलेली असेल तर ती किमान फूटभर मागे सरकवून घ्या.

पांढरा खार फुटलेला दिसला तर तो पाण्याने धुऊ नका. पाण्याबरोबर खार पुन्हा आत जातो आणि महिन्याभरात रंग ढकलून बाहेर येतो. कोरड्या तारेच्या ब्रशने झाडा, आठवडाभर थांबा, पुन्हा झाडा. गिलावा नवा असेल तर किमान 28 दिवस जाऊ द्या. ताज्या सिमेंटचा क्षार रंग जाळतो, विशेषतः गुलाबी आणि जांभळा.

हंगाम

दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवायचं. पावसाळ्यानंतर भिंत सुकायला तेवढे दिवस लागतातच. एप्रिल-मेच्या उन्हात रंग ब्रशवरच वाळतो, एका फटकाऱ्यावर दुसरा चढवला की जोड दिसतो, आणि सपाट आकाशाच्या जागी पट्टे उमटतात. कोणत्याही महिन्यात ऊन पडलेल्या भागावर काम नको: पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत सकाळी रंगवा, पूर्वेकडची दुपारनंतर.

चित्र भिंतीसाठी आखणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एक इंचाला एक फूट असं प्रमाण धरा. दोन खांबांमधली मोकळी जागा साधारण सव्वासात फूट, म्हणजे कागदावर सव्वासात इंच. ए-फोरचा कागद उभा धरला की एका कागदावर एक चौकट नेमकी बसते. 40 फुटांत अशा पाच चौकटी मिळतात आणि खांब आपोआप चौकटींमधली मोकळी पट्टी होतात. खांबावरून चित्र ओढत नेण्याचा मोह टाळा. खांब पुढे आलेला असतो, तिरकं पाहिलं की त्याच्याआड चेहऱ्याचा अर्धा भाग जातो.

हे बारा पटींचं प्रमाण मनात पक्कं ठेवा. 0.3 मिलिमीटरच्या पेनाने काढलेली रेघ भिंतीवर साडेतीन मिलिमीटरची होईल, आणि 15 फुटांवरून ती नाहीशीच होईल. म्हणून रेखाटन मुद्दाम जाड मार्करने करा. बाहेरची रेघ कागदावर 2 मिलिमीटर, म्हणजे भिंतीवर साधारण एक इंच. आतल्या घड्या, डोळे, बोटं 1 मिलिमीटर. त्याहून बारीक काही काढायचंच नाही. बारीक रेघांची छटा पुस्तकात सुंदर दिसते, रस्त्यावर ती मळक्या डागासारखी दिसते. मारिओ मिरांडा यांची गर्दीने भरलेली चित्रं मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर आहेत. तिथे पाहणारा टेबलाशी बसलेला असतो, त्याच्याकडे वेळ असतो आणि भिंत हाताच्या अंतरावर असते, म्हणून तेवढा तपशील तिथे शोभतो. रस्त्यावरचा माणूस चालता चालता पाहतो.

दुसरी अडचण फक्त कथाचित्रांना येते. पुस्तक सगळे डावीकडून उजवीकडे वाचतात, पण रस्त्याने निम्मे लोक उजव्या टोकाकडून येतात. त्यांना गोष्टीचा शेवट आधी दिसतो. त्यामुळे एकामागून एक वाचल्याशिवाय न कळणारी गोष्ट भिंतीवर टाकू नये. प्रत्येक चौकट आपल्या पायावर उभी राहील अशी हवी, आणि पाच मिळून आणखी काही सांगतील तर उत्तम. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथी परंपरेत पोथीतलं एकेक चित्र वेगळं उचलून समोर धरलं जातं आणि त्याच्यावर कथा सांगितली जाते. एका चित्रात एक प्रसंग पूर्ण बसवलेला असतो. भिंतीसाठी त्या रचनेतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे: मोठ्या आकृत्या, बाजूने दिसणारे चेहरे, मागे रिकामी जागा. भिंतीच्या मधोमध फाटक असेल तर दुसरा मार्गही आहे. दोन्ही टोकांकडून दोन गोष्टी सुरू करा आणि फाटकापाशी त्यांची गाठ घाला.

भिंतीसमोर दुचाकी उभ्या राहतात का तेही पाहून घ्या. राहत असतील तर खालचे साडेतीन फूट दिवसभर झाकलेले असणार. चेहरे, हात आणि मजकूर 4 फुटांच्या वर ठेवा. तळाचा एक फूट चित्राला द्यायचाच नाही. पावसाचं उडणारं पाणी, चिखल, पिचकाऱ्या सगळं तिथेच लागतं. तिथे गेरूच्या रंगाचा सलग पट्टा मारा. घरांच्या जोत्याला तळाशी असा पट्टा आपल्याकडे पूर्वीपासून मारतात, तो याच कारणासाठी, आणि दरवर्षी एका दुपारी नवा करता येतो.

अक्षरं

चालत जाणाऱ्याला 12 ते 15 फुटांवरून वाचता यावं यासाठी देवनागरी अक्षराची उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत किमान 3 इंच ठेवा. वेलांटी आणि मात्रेला वर दीड इंच, उकाराला खाली एक इंच, शिवाय दोन ओळींत थोडी फट. म्हणजे एका ओळीला 6 इंच जागा जाते. कागदावर ही अक्षरं 6 मिलिमीटरची होतात. रेखाटनात त्याहून लहान अक्षरं लिहावी लागत असतील तर मजकूर जास्त आहे, तो कापा. संवादाच्या एका फुग्यात दहा शब्दांपेक्षा जास्त नको.

फुगा आधी काढून त्यात शब्द कोंबू नका. आधी अक्षरं आखा, मग त्यांच्याभोवती फुगा ओढा. शिरोरेषा आधी ओढून तिला अक्षरं टांगली की ओळ सरळ राहते. दुकानांच्या पाट्या रंगवणारे जुने पेंटर असंच करतात, आणि तुमच्या गावात असे कुणी असतील तर अक्षरांसाठी त्यांना गटात घ्या. त्यांच्या हाताला जोडाक्षरांचं वळण बसलेलं असतं. मजकूर रंगवण्याआधी दोन वेगळ्या माणसांकडून शुद्धलेखन तपासून घ्या. शाळेच्या भिंतीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक पाच वर्षं राहते.

भिंतीची तयारी

शेवाळ असेल तर आधी ते मारायचं. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग असं मिश्रण ब्रशने लावा, 20 मिनिटं ठेवा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास धुण्याचं द्रावण कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. धुतल्यावर भिंत दोन-तीन दिवस सुकू द्या.

मग सगळे पोपडे पत्र्याने खरवडून काढा. अर्धवट सुटलेला रंग "आत्ता तरी घट्ट आहे" म्हणून ठेवला तर नव्या रंगाच्या ओढीने तोच आधी सुटतो. भिंतीवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घराच्या रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि शाळेच्या भिंतीखाली मुलं बसतात. पाणी मारत ओला पॉलिश पेपर वापरा, खाली प्लास्टिक अंथरा आणि पडलेला चुरा गोळा करून पिशवीत बांधा. कोणतीही घासाई करताना एन-95 मास्क लावा, फडकं पुरत नाही.

भेगा पत्र्याच्या टोकाने थोड्या रुंद करा, धूळ झाडा, ओल्या करा आणि बाहेरच्या वापराच्या भेगा भरायच्या पेस्टने भरा. खड्ड्यांना लांबी (पुट्टी) भरताना पांढऱ्या सिमेंटचीच लांबी घ्या. आतल्या भिंतींसाठी मिळणारी ॲक्रिलिक लांबी पहिल्याच पावसात फुगते. सगळी भिंत गुळगुळीत करायची गरज नाही. किंचित खरखरीत गिलाव्यावर रंग जास्त घट्ट बसतो, शिवाय लांबीचा प्रत्येक थर म्हणजे सुटू शकणारा आणखी एक थर. फक्त जिथे चेहरे आणि अक्षरं येणार तिथला भाग सारखा करून घ्या.

आता चाचणी. दोन-तीन ठिकाणी ब्लेडने फुलीसारखी चीर द्या, चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर थर निघाला तर खरवडणं अपुरं आहे. पट्टी स्वच्छ आली तर बाहेरच्या भिंतीसाठीच्या पाणीमिश्रित अस्तराचा (प्रायमरचा) एक हात मारा. 280 चौरस फुटांना 4 लिटरचा एक डबा पुरतो, भिंत फार शोषत असेल तर थोडा जास्त लागेल. रात्रभर वाळू द्या आणि मग पांढऱ्या एक्स्टिरियर इमल्शनचा, म्हणजे बाहेरच्या भिंतीसाठीच्या पाणीमिश्रित रंगाचा, एक हात. त्याला साधारण 3 लिटर लागतात.

रंग किती आणि कोणते

बाहेरच्या इमल्शनचे दोन हात लिटरला 50 ते 60 चौरस फूट जातात. 280 चौरस फुटांना साडेपाच लिटर, त्यात पांढऱ्या हाताचे 3 आणि वाया जाणारं पाचव्या हिश्शाने धरलं की सव्वादहा लिटरच्या आसपास. खरेदी अशी करा: पांढऱ्याचे 4 लिटरचे दोन डबे, आणि पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, निळा, काळा प्रत्येकी 1 लिटर. बाकीच्या छटा यांतून तयार होतात. उरलेलं दुरुस्तीला लागतं.

लखलखीत नारिंगी, गुलाबी आणि फ्लोरोसंट रंगांवर मोठी जागा अवलंबून ठेवू नका, पश्चिमेच्या उन्हात ते सर्वांत आधी विटतात. ऑक्साइडचे रंग, म्हणजे गेरू, पिवळी माती, काळा, हे वर्षानुवर्षं टिकतात. गडद छटा करण्यासाठी पांढऱ्या रंगात बाटलीतला स्टेनर (घट्ट रंगद्रव्य) ओतत राहण्याची सवय वाईट: लिटरमागे 40-50 मिलिलिटरच्या वर गेलात की रंग नीट वाळत नाही आणि ओल्या फडक्याला लागतो. गडद रंग दुकानातून यंत्रावर मिसळूनच आणा आणि डब्यावरचा छटेचा क्रमांक लिहून ठेवा.

प्रत्येक छटा एकदाच आणि लागेल त्याहून थोडी जास्त मिसळा. दुसऱ्या दिवशी तीच छटा डोळ्यांनी जुळवणं जवळपास अशक्य, कारण ओलं इमल्शन फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. मिसळलेल्या रंगाचा ठिपका अस्तर मारलेल्या पुठ्ठ्यावर लावून वाळवा आणि त्यावरच निर्णय घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यांवर क्रमांक टाका: 1 आकाश, 2 कातडी, 3 गवत, असे. गटाच्या कामात हे क्रमांकच सगळ्यांची भाषा होतात.

पाणी घालताना हात आखडता घ्या. सपाट भागांसाठी दहा-पंधरा टक्के, काळ्या रेघेसाठी फार तर वीस टक्के. रंग पुरवायला पाणी वाढवलं तर बांधणारा चीक पातळ होतो आणि दोन वर्षांत तो रंग भुकटी होऊन हाताला लागतो.

आखणी

चौकटींची आखणी गवंड्याच्या साधनांनी करा. उभ्या रेघांसाठी ओळंबा, आडव्यांसाठी पाण्याची नळी किंवा लेव्हल, आणि लांब रेघ मारायला खडू लावलेली लाइनदोरी दोन टोकांना ताणून मधून उचलून सोडायची. दोरीला नीळ लावू नका, ती फिक्या रंगातून वर येते. पक्क्या मार्करनेही आखू नका, त्याची शाई इमल्शनच्या तीन हातांतूनही झिरपते. पातळ केलेला फिका राखाडी रंग आणि अर्ध्या इंचाचा ब्रश हे आखणीसाठी सर्वांत चांगलं साधन. चूक पांढऱ्याने झाकता येते.

चित्र मोठं करायला एक फुटाचे चौकोन पुरे. कागदावर एक इंचाचे, भिंतीवर एक फुटाचे, दोन्हीकडे सारखेच क्रमांक. चेहऱ्याच्या जागी चौकोनाचे चार भाग करा. गटात टॅबलेट असेल तर चौकोनांऐवजी भिंतीवर वेड्यावाकड्या खुणा, आकडे, फुल्या काढा, समोरून फोटो घ्या, फोटोवर रेखाटन अर्धपारदर्शक करून बसवा आणि कोणती रेघ कोणत्या खुणेजवळून जाते ते पाहत काढा. प्रोजेक्टर फक्त अंधार पडल्यावर चालतो, तो भिंतीसमोर नेमका सरळ ठेवावा लागतो, आणि रस्त्यावर वाहनं मधून जातात. कुंपणभिंतीला चौकोनच बरे.

एकच पात्र पाचही चौकटींत येणार असेल तर त्याच्या डोक्याचा टोचलेला खाका करा. भिंतीच्या मापाचा ब्राउन पेपर, रेघेवर सुईने अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं, तो भिंतीला चिकटवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थापटायची. पात्राचा चेहरा प्रत्येक चौकटीत सारखा राहतो. थापटून झालं की जास्तीची पूड मऊ ब्रशने झाडा, नाहीतर पांढरा रंग मळतो.

कोण काय करणार

2009 मध्ये मुंबईत तुलसी पाइप रोडच्या भिंतीवर लोकांनी एकेक तुकडा घेऊन आपापलं चित्र काढलं होतं. वेगवेगळ्या चित्रांची रांग लावायची असेल तर ती पद्धत चांगली. चित्रकथेला ती चालत नाही, कारण पाच हातांच्या पाच रेघांनी एकच पात्र पाच माणसांसारखं दिसतं. कथाचित्रात बाहेरची काळी रेघ एकाच हाताची हवी, फार तर दोघांची, आणि त्या दोघांनी आधी पुठ्ठ्यावर एकमेकांची रेघ गिरवून बघावी.

बाकीचं काम सहज वाटता येतं. आखणी झाली की प्रत्येक भागात खडूने रंगाचा क्रमांक लिहा. विद्यार्थी आणि नवखे सपाट भाग भरतील, रेघेच्या मधोमधपर्यंत, म्हणजे काळी रेघ वर आली की कडा झाकली जाईल. पार्श्वभूमी आधी, पुढच्या आकृत्या नंतर, फिके आधी, गडद नंतर. पिवळा कशावरही नीट झाकत नाही, त्याच्याखाली पांढऱ्याचा हात शाबूत हवा. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, सहसा चार ते सहा तास. एक माणूस फक्त रंग मिसळण्यावर आणि डबे भरण्यावर ठेवा. हे काम कमी प्रतीचं समजलं जातं, पण ते नसलं की प्रत्येक जण स्वतःची वेगळी कातडीची छटा तयार करतो.

रेघ शेवटी. पाट्या रंगवणाऱ्यांचे लांब केसांचे ब्रश घ्या, एक इंची चपटा आणि एक अर्ध्या इंचाचा. टोकाला कापड गुंडाळलेली तीन फुटांची काठी डाव्या हातात धरून भिंतीला टेकवा आणि तिच्यावर उजवं मनगट ठेवा. हात थरथरत नाही आणि ओला रंग पुसत नाही. लांब वळण खांद्यातून ओढा, मनगटातून नाही. ब्रश भरून एका दमात जितकी जाईल तितकी रेघ न्या. तुटली तर तिथेच जाड करून जोडू नका, अर्धा इंच मागून पुन्हा सुरुवात करा.

7 फुटांच्या भिंतीला घोडी पुरते. घोडीच्या वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, आणि तिच्याखाली मातीऐवजी फळी हवी. 10 फुटांच्या वर काम असेल तर बांधकामाच्या ठेकेदाराकडून परांची बांधून घ्या. बांबू आणि सुतळी आणून ती स्वतः उभारू नका.

ब्रश धुतलेलं पाणी गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. दोन बादल्या ठेवा. पहिलीतला गाळ रात्रभर बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा धुण्याला वापरा आणि शेवटी गाळ वाळवून कचऱ्यात टाका.

वरून पारदर्शक लेप द्यावा का, हा प्रश्न नेहमी निघतो. भिंत पूर्ण कोरडी असेल तर हात लागणाऱ्या खालच्या 4 फुटांना पाणीमिश्रित ॲक्रिलिक लेपाचा एक हात द्या. भिंतीत थोडीही ओल असेल तर नको. वाफ अडते आणि लेपासकट रंग फुग्यासारखा सुटतो.

भिंतीवरून कागदावर

शेवटच्या खांबावर चित्रकारांची नावं, महिना आणि वर्ष लिहा. सपाट भाग भरणाऱ्यांचीही.

फोटो ढगाळ दिवशी किंवा भिंत सावलीत असताना घ्या. सगळी भिंत एका फोटोत बसवायला लांब गेलात तर अक्षरं वाचता येत नाहीत. त्यापेक्षा भिंतीपासून 10 फुटांवर दोरी ताणा, तिच्यालगत चालत प्रत्येक चौकटीसमोर थांबून कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरा आणि पाच फोटो वेगवेगळे घ्या.

मूळ रेखाटनं 600 डीपीआयवर स्कॅन करून ठेवली असतील तर त्याच पाच चौकटींची पुस्तिका काढता येते. ए-फोरचा कागद तीन घड्यांत आठ भागांत दुमडा, उलगडा, मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन भागांपुरती चीर द्या आणि दुमडून मिटवा. टाचणी न लावता आठ पानं होतात. मुखपृष्ठ, पाच चौकटी, नावांचं पान, आणि शेवटच्या पानावर भिंत कुठे आहे ते. कागदाच्या एकाच बाजूला छपाई लागते, त्यामुळे साध्या झेरॉक्सवरही निघते. मात्र इथे भिंतीसाठीची जाड रेघ आठव्या हिश्शात गच्च दिसते, अक्षरं तर फार बारीक होतात. पुस्तिकेसाठी फुग्यांतला मजकूर नव्याने मोठा लिहून घ्या.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की भिंतीला एक फेरी मारा. माथ्याच्या भेगा, तळाचा पट्टा आणि खांबांच्या कडा पाहा. नखाएवढा पोपडा दिसला तर त्याच आठवड्यात खरवडून, अस्तर लावून, क्रमांक टाकलेल्या डब्यातल्या रंगाने भरा. उरलेले डबे त्यासाठी सावलीत, झाकणावर प्लास्टिक बांधून उलटे ठेवलेले असावेत.